नुसतं 'हो'

खिडकीबाहेर अचानक दुसरं विमान दिसलं. समोरून आलं आणि आमच्या खालून सर्रकन निघून गेलं. त्याच्या शेपटीवरचा लाल रंगसुद्धा मला दिसला. एवढं मोठं आभाळ, आणि याला जायला नेमकी हीच वाट सापडावी?

शेजारी माझे साडू, नाना. सगळी नोकरी त्यांनी जमिनीवर बसून वैमानिकांना उंची नेमून देण्यात घालवली. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "मधे हजार फूट होते."

"कशावरून? त्याने चुकीचं ऐकलं असतं तर?"

"म्हणून तर सांगितलेली उंची त्याला परत म्हणून दाखवावी लागते. नुसतं 'हो' आम्ही चालवून घेत नाही. आणि तो म्हणतो तेही, चुकलाच असणार असं धरूनच ऐकायचं."

मला वाटायचं, वरचा कारभार विश्वासावर चालतो. तो तर चक्क संशयावर चालतो! खाली मात्र आपण दिवसभर 'हो'वर सुटतो. गोळी घेतली? हो. गॅस बंद केला? हो. विचारणारा लगेच निर्धास्त होतो. माझ्या 'हो'वर घरात कोण कोण निर्धास्त झोपतं, ते आठवून मलाच कसंतरी झालं.

"पट्टा बांधलाय ना?" नानांनी विचारलं.

"हो."

त्यांनी माझ्या मांडीवरची शाल उचलून पाहिली. पट्टा सुटाच होता.