दातगरुडाच्या पोटात

"म्हणजे नक्की काय काम करायचं?" आक्काबाईनं विचारलं.

"पक्षी व्हायचं," धोंडीराम म्हणाला.

आक्काबाई हसली नाही. नवऱ्याचं बँडमधलं काम सुटल्याला वर्ष होत आलं होतं. पन्नाशी उलटलेल्या ढोलवाल्याला कोण बोलावणार? पक्षी तर पक्षी.

नाशिकला उन्हाळी सुट्टीत प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या मोठ्या मांडवात 'करोडो वर्षांपूर्वीचा दातगरुड' दाखवायचे. असा पक्षी जगात कधी नव्हताच. तो मांडवाच्या मालकानं, महेशनं, जुळवून काढला होता. पाय शहामृगाचे, तुरा काकाकुव्याचा. दात आणि पंखांवरची नखं मात्र दगडात ठसा उरलेल्या एका खऱ्या जुन्या पक्ष्याची होती. "थोडं खरं घातलं की बाकीचं लोक मानून घेतात," महेश म्हणायचा.

चाल तेवढी धोंडीरामची होती. शेजारच्या कोंबड्या बघून बघून त्यानं ती बसवली होती. आधी मान पुढं जाते, मग अंग तिच्या मागून येतं. वेताचा सांगाडा खांद्यावर, वर फोम आणि कापडी पिसं, उजव्या हातात मानेची काठी. बाहेरचं दिसायचं ते गळ्याच्या जाळीतून. आत स्वतःच्याच श्वासाची वाफ. दिवसभर खेळामागून खेळ. रात्री जेवताना घास उचलायला हात वर येत नसे.

एका रविवारी मांडव खचाखच भरला होता. पंखे गरम हवाच ढवळत होते. फेरी मारता मारता धोंडीरामचे गुडघे मुडपले आणि तो भर मांडवात खाली बसला. उठावं असं मनात आलं, पण पाय ऐकेनात.

महेश कसलेला गडी. त्यानं माईक उचलला. "शांत राहा! दातगरुड अंड्यांवर बसतोय!"

लोकांनी आवाजच बंद केला. इतकी शांतता धोंडीरामनं त्या मांडवात कधी ऐकली नव्हती. त्यानं आत डोळे मिटून घेतले. गर्दीतली एक बाई हळूच म्हणाली, "दमली असेल बिचारी." त्याला उगाच भरून आलं.

मांडव रिकामा झाल्यावर महेश पाण्याची बाटली घेऊन धावत आला. "काका, काय सुचलं तुम्हाला! उद्यापासून दर खेळाला बसायचं."

"सुचलं नाही रे. उभं राहवेना."

महेशनं ते ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी घरटं तयार होतं, थर्माकोलच्या अंड्यांसकट. आता दर खेळाला सांगाड्याचं ओझं घेऊन बसायचं आणि तेवढंच घेऊन उठायचं. आधीचं चालणं बरं होतं असं त्याला वाटू लागलं.

संजना कॉलेजात शिकत होती. बापाच्या गुडघ्यांना तेल लावताना ती म्हणाली, "पप्पा, असं खरंच सापडलंय. अंड्यांवर बसलेल्या डायनासोरचा सांगाडा. दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले. तसाच बसल्या जागी मेला."

"उठता आलं नसेल," धोंडीराम म्हणाला.

संजना हसली. मग तिचा हात थांबला. "पप्पा, तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

त्यानं महेशला सांगितलं. घरट्यात स्टूल हवं, आणि माणसं बाहेर गेल्याशिवाय मी उठणार नाही. महेश कुरकुरला, "पक्षी कधी स्टुलावर बसतो का?" पण पक्षी चालवायला दुसरा माणूस त्याच्याकडं नव्हता. स्टूल आलं. त्यावर चार गवताच्या पेंढ्या पसरल्या की झालं.

बसायचं असलं तरी मान हलती ठेवावीच लागे. गुडघ्यांना आराम पडला, खांद्याला नाही.

सुट्टी संपली, मांडव उतरला. पिसं पोत्यात भरताना महेशनं विचारलं, "काका, पुढं मालेगाव. येताय ना?"

"विचार करून सांगतो," धोंडीराम म्हणाला. नाही म्हटलं तर महेश समजूत घालत बसला असता, आणि ते ऐकायचं त्राण त्याच्यात नव्हतं. त्यानं पोत्याचं तोंड बांधलं आणि टेम्पोच्या सावलीत जमिनीवरच पाय पसरले.