अप्पा पुण्यात गाणं ऐकायला आले तेव्हा

अम्मा आजारी पडली तेव्हा मी चेन्नईत एका बँडमध्ये गिटार वाजवत होते आणि गात होते. आम्ही तिघं होतो. ड्रम्स वाजवणारा दारासुरमच्या रेशीम विणणाऱ्या घरातला, कुंभकोणमच्या शेजारचा, म्हणजे जवळजवळ माझ्याच गावचा. बेस वाजवणारा चेन्नईचा. आधी आम्ही इंग्रजीत गायचो, कारण सगळेच तसं गायचे. मग तमिळमध्ये गायला लागलो तेव्हा ऐकणारे थोडे वाढले. पोट त्यावर भरत नव्हतं. मी साबणाच्या नि चहाच्या जाहिरातींना चाली लावायची, एका साप्ताहिकात नव्या गाण्यांवर लिहायची. कुणी विचारलं की अप्पा एवढंच म्हणायचे, "ती चेन्नईत असते."

अम्माची मूत्रपिंडं गेली होती. शेवटचे काही आठवडे मी कुंभकोणमला तिच्या उशाशी होते. डॉक्टरांनी पाणी अगदी बेतानं द्यायला सांगितलं होतं. ती दिवसभर मागायची. आमच्या घरातली मराठी तंजावरची, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली ती तशीच राहिलेली, वर तमिळ मिसळलेली. अम्मा म्हणायची, "उदक दे गं." मला नाही म्हणवत नसे, मी उठून मागच्या अंगणात जायची. मग अप्पा देवघरातली पळी आणून तिच्या ओठांना लावायचे आणि म्हणायचे, "आता थोड्या वेळानं." तिला ते पटायचं नाही. गेली तेव्हाही तहानलेलीच होती.

त्यानंतर मी एक गाणं केलं. घरच्या मराठीतलं माझं पहिलंच. तिचं मागणं तिच्याच शब्दांत: उदक दे, कवाड लोट, दिवा मालव. ड्रम्सवाल्याला मराठी येत नव्हती. अर्थ सांगितल्यावर तो काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनी वाजवायला लागला. ते गाणं कुणीतरी पुण्यात ऐकलं आणि एका महाविद्यालयानं आम्हाला बोलावलं.

अप्पा आमच्या एकाही कार्यक्रमाला आले नव्हते. त्यांच्या मते तो गोंगाट होता. पण पुण्याचं ऐकून म्हणाले, "मी येतो. तिथे सगळे आपल्या भाषेत बोलत असतील ना?"

दुपारचा कार्यक्रम होता. पांढरी वेष्टी नेसून नि इस्त्रीचा सदरा घालून अप्पा पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मी पहिली ओळ गायले आणि मुलं हसली. त्यात वाईट काही नव्हतं, त्यांना खरंच गंमत वाटली होती. मागून एकानं विचारलं, "पळीभर देऊ का?" मग आणखी हसू पसरलं. मी अप्पांकडे पाहिलं नाही. गाणं पुरं केलं. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर मुली फोटोसाठी आल्या. "तुम्ही किती गोड बोलता, ऐतिहासिक नाटकातल्यासारखं," त्यातली एक म्हणाली. अप्पा माझी पिशवी धरून शेजारी उभे होते.

रिक्षात त्यांनी विचारलं, "ते का हसले?"

"उदक हा शब्द त्यांच्याकडे पूजेतच असतो, अप्पा."

"मग प्यायला काय मागतात?"

"पाणी."

ते बाहेर बघत राहिले. दुकानांवरच्या पाट्या त्यांना वाचता येत नव्हत्या. आमच्याकडे मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळच. मग म्हणाले, "तुझ्या अम्माला हे गाव बघायचं होतं."

परतीच्या गाडीत ते माझ्याशी तमिळमध्ये बोलले. डब्यात तमिळ माणसं होती, म्हणून मला काही वाटलं नाही. घरी आल्यावर सकाळी त्यांनी विचारलं, "काप्पी वेणुमा?" कॉफी हवी का, तेही तमिळमध्येच. मी मराठीत हो म्हटलं. त्यानंतर ते माझ्याशी मराठीत बोललेले नाहीत. हे पुण्यामुळेच झालं असं मी धरून चालते. कदाचित अम्मा गेली तेव्हाच सुरू झालं असेल आणि माझ्या लक्षात आलं नसेल.

बँड भांडणाशिवाय संपला. ड्रम्सवाल्याचं लग्न झालं, मूल झालं, तो कोइंबतूरला नोकरीला लागला. मी कुंभकोणमला परतले. चित्रपटांची उपशीर्षकं लिहिते, संध्याकाळी गिटार शिकवते. देवनागरी आणि ही छापायची मराठी मी तिशीनंतर शिकले. तिच्यात कथा लिहिल्या, पुस्तक निघालं. अप्पांना मी ते वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकायचे. तिरुविडैमरुदूरला ते शाळेत गणित शिकवायचे. कथेत मी तिथली एक गल्ली चुकीच्या बाजूला वळवली होती, ती त्यांनी सुधारली, तमिळमध्ये. अम्मावरची कथा आली तेव्हा झाडांना पाणी घालायला उठून गेले. मी थांबले. ती कथा पुढे वाचायची राहिली ती राहिलीच.

तिरुविसनल्लूरला माझी आत्या होती, अप्पांची थोरली बहीण. तिच्याशी मात्र ते फोनवर मराठीतच बोलायचे. काय भाजी केलीस, गुडघा कसा आहे, एवढंच. मी आतल्या खोलीत काम थांबवून ऐकायची. हसताना त्यांचा आवाज वेगळा व्हायचा.

आत्या यंदा गेली. दिवस करून अप्पा बसनं परतले आणि ओट्यावर बसले. मी पायरीवर बसले.

"अप्पा, आता मराठी कुणाशी बोलणार?"

बोलण्यासारखं काय उरलंय, असं ते तमिळमध्ये म्हणाले. रागानं नाही. मग जेवलीस का म्हणून विचारलं.

आता रात्रीचं रसम तेच करतात. मी शिकवणी आटोपून येते तेव्हा ताट वाढलेलं असतं. समोर बसून ते मीठ बरोबर आहे का विचारतात, तमिळमध्ये. मी मराठीत सांगते, बरोबर आहे. ते मान हलवतात आणि आणखी भात वाढतात.