रॉकेटकाकांचे अर्धे व्याख्यान

चराचर व्यापून उरलेल्या नारायणास वंदन करून, आमच्या रॉकेटकाकांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने हे लिहीत आहे.

व्याख्यान कोठेही असो, काकांचे रॉकेट आधी समुद्रात पडे. देशाच्या आरंभीच्या रॉकेटांवर राबलेला हा माणूस निवृत्तीनंतर राळेगावी परतला आणि गावोगावी बोलू लागला. पण सुरुवात सदैव त्या अपयशापासून. “उडालेलं सांगा ना काका, पडलेलं कायले सांगता?” असे कोणी म्हटले की म्हणत, “ते पडलं तवा आम्ही कोणी जेवलो नाही, बाप्पा. ते ऐकल्याबिगर उडालेलं तुले फुकटचं वाटन.”

आपल्याकडील सभेची रीत वाचकांस ठाऊक आहेच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ. उरेल तो वेळ वक्त्याचा. रॉकेट पडून होते न होते तोच आभारप्रदर्शन येई. त्यामुळे साऱ्या तालुक्यात ते कधी उडालेच नव्हते. घरातील शालींची चवड पाहून काका थकल्या स्वरात मला म्हणत, “शास्त्रीबुवा, पांघरून पांघरून दमलो. एकडाव पुरं सांगू द्या मले.”

गतवर्षी बाभुळगावी सभा होती. हृदयविकाराने काका खंगले होते. यापुढे प्रवास नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. ही सभा अखेरची, हे आम्ही दोघेही जाणून होतो. मंगलाचरण माझ्याकडे होते. मी ते एका श्लोकात आटोपले. वाचलेला वेळ अध्यक्षांनी घेतला. काका उभे राहिले, रॉकेट समुद्रात पडले, आणि राळेगावची शेवटची बस गाठण्यासाठी निम्मे सभागृह उठले.

काकांनी शाल खुर्चीवर ठेवली. “चला बुवा, आपली बी तीच बस हाय.”

बसमध्ये दांडा धरून, उभ्यानेच, त्यांनी पुढचे सांगावयास घेतले. कंडक्टर तिकिटे देत आला तो तेथेच थांबला.

“मंग काका, या टायमाले तरी गेलं का वर?”

“थांब ना गा. उलटी गिनती चालू हाय.”

मागून एक बाई म्हणाली, “लवकर न्या बाप्पा वर, माहं गाव आलं.”

सारी बस हसली. गाडी तिच्या फाट्यावर थांबली. पण रॉकेट वर जाईपर्यंत ती उतरली नाही, आणि कंडक्टरनेही घंटी वाजवली नाही.

मग काका माझ्याशेजारी बसले. “झालं,” एवढेच म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. पुढची अमावास्या त्यांनी पाहिली नाही.

माझाही आवाज आता एका श्लोकापुरताच उरला आहे. वाचकहो, आपल्या घरी कोणाचेही बोलणे अर्धे न राहो, ते ऐकावयास कोणी ना कोणी थांबलेले असो. आणि नारायण आपणां सर्वांस कुटुंबीयांसह सुखी ठेवो.