न जोडलेला स्पीकर

मी या ग्रुपवर वाद घालायलाच येते, हे जुन्या मेंबर्सना चांगलंच माहीत आहे. कुणाला माळ्यावर पावलं ऐकू आली की मी लिहिते उंदीर. कुणाला गच्चीवर बाई दिसली की मी लिहिते वाळत घातलेली चादर. त्यामुळे आज मीच अनुभव लिहायला बसलेय म्हटल्यावर बरेच जण दात काढतील. काढा. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मी जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. बी उगवतं की नाही ते तपासायचं. उगवलं तर उगवलं, नाहीतर नाही... मध्ये काही नसतं. स्वभावही तसाच झालाय. कॉलेजपासून गिटार वाजवते, आणि गेल्या वर्षी डोक्यात खूळ शिरलं की आपला अ‍ॅम्प्लिफायर आपणच बनवायचा. तोही जुन्या रेडिओसारखा, काचेच्या दिव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हवाला. किट मागवलं. सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी जोडणं, त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये पसारा मांडून बसायचे. माझा नवरा सचिन शहागडला नोकरीला जातो. तो घरी आला की पहिल्यांदा माझी बोटं बघायचा, आज किती भाजली ते.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या अ‍ॅम्पमध्ये मोठे कपॅसिटर असतात. कपॅसिटर म्हणजे करंटची टाकीच समजा. प्लग काढला, लाइट गेली, तरी टाकीत भरलेलं तसंच राहतं, आणि ते घरातल्या लाइटपेक्षा जास्त व्होल्टचं असतं. एक हात लोखंडी पेटीवर आणि दुसरा त्या कपॅसिटरवर पडला, तर झटका सरळ छातीतून जातो. टाकी आपोआप रिकामी व्हावी म्हणून एक रेझिस्टर जोडायचा असतो. तो मी जोडला होता. म्हणजे मला तसं वाटत होतं.

खंडेनवमीचा दिवस. दसऱ्यासाठी वाटूरहून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या होत्या. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हत्याराला आणि यंत्राला हळदीकुंकू लागतं. विळी, पाना, मिक्सर, सचिनची मोटारसायकल... काही सुटत नाही. आत्याबाई ताट घेऊन घरभर फिरत होत्या आणि मी हॉलमध्ये अ‍ॅम्पची पहिली चाचणी घेत होते. पहिल्या चाचणीला व्हॉल्व्ह बसवत नाहीत, नुसते व्होल्टेज बघायचे असतात. व्हॉल्व्ह खोक्यातच होते, आणि त्यांच्याशिवाय आवाज निघूच शकत नाही. स्पीकर दिवाणावर उताणा पडला होता आणि त्याच्या दोन्ही वायरी चादरीवर मोकळ्या. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे तुम्ही मला हेच विचारणार आहात.

बटन दाबलं. जळल्याचा वास नाही, धूर नाही. मी आनंदाने मीटर हातात घेतला... आणि लाइट गेली. भरदुपारी. पंखा गरगरत थांबला. मी भिंतीतून प्लग काढून ठेवला आणि वैतागून चहा टाकायला आत गेले.

हॉलमधून आत्याबाईंचा आवाज आला.

"वैशाली, ह्या तुझ्या पेटीला बी लावू का गं कुंकू?"

मी दारातून डोकावले. स्पीकरला त्यांनी आधीच कुंकू लावलं होतं, वर झेंडूच्या पाकळ्याही टाकल्या होत्या. आता त्या उघड्या पेटीसमोर बसल्या होत्या.

"अजून पूर्ण झाली नाही हो ती."

"व्हईल की. लाइट न्हाई तवर लावून घेते. तुझे सासरे मोटारीच्या स्टार्टरचं समदं काम लाइट गेल्यावरच करायचे. मंग काय भ्या न्हाई."

आता याला काय म्हणावं... मलाही ते पटलं. मीही वाटूरचीच सून, शेतात लाइट गेली की बिनधास्त वायरीत हात घालणारी माणसं मी तिथे बघितलेली. प्लग तर काढलेलाच होता. मी म्हटलं, "लावा."

त्यांनी डावा हात पेटीच्या काठावर टेकवला. उजव्या हाताची बोटं पाण्यात बुडवून कुंकवात घातली. आत सगळ्यांत उठून दिसणारी वस्तू म्हणजे ते मोठे, गोल कपॅसिटर. ओली बोटं सरळ तिकडे निघाली.

आणि आवाज आला. घूंऽऽऽ... जाड, खालच्या सुरातला.

आत्याबाईंनी झटकन हात मागे घेतला. आवाज बंद.

"लाइट आली का गं?"

मी वर पाहिलं. पंखा जागच्या जागी. फ्रिजही गप्प.

"नाही आली."

"मंग शेजारी काही वाजून राह्यलं आसंल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हात पुढे केला.

घूंऽऽऽ. या वेळी मोठा. हात जसा जवळ जात होता तसा वाढत होता. माझं लक्ष दिवाणाकडे गेलं. स्पीकरवरच्या झेंडूच्या पाकळ्या थरथरत होत्या. एक पाकळी उडून खाली पडली. दोन्ही वायरी चादरीवर तशाच, कशालाही न लागलेल्या...

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. धावत जाऊन मी त्यांचा दंड धरून त्यांना इतक्या जोरात मागे ओढलं की ताट उडालं आणि हळदीकुंकू फरशीभर झालं.

"अगं माय! येडी झालीस का!"

आवाज थांबला होता. मीटरची टोकं कपॅसिटरवर नीट टेकेनात. शेवटी टेकली. आकडा चारशे व्होल्टच्या आसपास. म्हणजे टाकी भरलेलीच होती. करंट उतरवणाऱ्या त्या रेझिस्टरचा एक पाय चिमट्याने हलवला तर तो जागेवर डुगडुगत होता. सोल्डर वरवर चिकटलं होतं, आत धरलंच नव्हतं. नवशिक्याचं काम.

आत्याबाईंच्या हृदयात स्टेंट आहे. मी फरशीवर बसून रडायला लागले. त्या घाबरल्या, पाणी आणलं, आणि मी सगळं सांगितल्यावर त्यांनी आपल्या कुंकवाच्या बोटांकडे बघितलं.

मग म्हणाल्या, "आपलंच चुकलं. अर्धवट यंत्राला कुंकू लावत न्हाईत. त्यानं बराबर सांगितलं."

मला असलं बोलणं एरवी खपत नाही. त्या दिवशी मी फरशीवरचं हळदीकुंकू पुसायला घेतलं.

संध्याकाळी सचिनचा फोन आला. "काय, झाला का अ‍ॅम्प चालू?" आत्याबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"झाला की. आवाज लई चांगला हाये त्याचा. तू जल्दी ये घरी." आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "त्याला काही सांगू नको. उगा तुझं हे सामान बाहेर फेकून देईल."

त्यानंतर मी काय काय करून पाहिलं ते सांगते. रेझिस्टर पुन्हा जोडला. व्हॉल्व्ह बसवले. आज अ‍ॅम्प झकास वाजतो. मग एकदा मुद्दाम सगळं तसंच मांडलं, वायरी मोकळ्या, व्हॉल्व्ह बाहेर, पाकळ्यासुद्धा ठेवल्या. चुकूनही हूं की चूं नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या दोघातिघांना विचारलं. एक म्हणाला रेडिओ स्टेशन पकडलं असेल. कशाने पकडलं? एक म्हणाला शेजारच्या देवीच्या मंडळाचा लाउडस्पीकरचा डेक असेल. लाइट गेलेली असताना? आणि मंडळाचा डेक आत्याबाईंच्या हाताबरोबर कमी-जास्त होईल? तिसरा म्हणाला, ताई, तुम्हाला भास झाला. दोघींना एकाच वेळी, आणि पाकळ्यांनाही?

ज्यांना दरवेळी उंदीर आणि चादर सुनावत आले, त्यांनी आता माझ्यावर सूड उगवावा. कुणाकडे खरंच काही स्पष्टीकरण असेल तर लिहा, मी वाद घालणार नाही.

मला एवढंच कळतं की तो आवाज आला नसता, तर त्या संध्याकाळी सचिनचा फोन यायच्या आधी मलाच त्याला फोन करावा लागला असता. तो मी कसा केला असता, पहिला शब्द काय बोलले असते... अजूनही वाटूरला गेले आणि भाकरी थापताना आत्याबाईंचा हात दिसला की हे मनात येतंच, आणि मी उगाच त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते. त्या म्हणतात, "काय पायजे गं?" मी म्हणते, काही नाही.