तळाला गेलेला ‘श्री’

माझी ताई एका शाळेच्या ऑफिसात हिशेबाच्या वह्या लिहिते. जूनपासून सगळं कॉम्प्युटरवर होणार, म्हणून पन्नाशीत ती घरून ऑनलाइन वर्ग करतेय. वहीच्या सवयीनं तिनं कोऱ्या शीटच्या पहिल्या चौकटीत ‘श्री’ लिहिलं आणि खाली खर्चाची नावं भरली: खडू, वीजबिल, शिष्यवृत्ती. सरांनी सांगितलं तसं नावं अकारविल्हे लावायचं बटण दाबलं, तर ‘श्री’ थेट तळाला!

“अगंबाई, यानं देवालाही रांगेत उभं केलं!” ताई खळखळून हसली.

ऑफिसात सगळे ताईला विचारून लिहितात. या वर्गात मात्र तीच सगळ्यांत मागे. नवं शिकायचं तर वरची जागा आधी सोडावीच लागत असेल.

मी ‘श्री’ पुन्हा वर न्यायला गेलो. तिनं माझा हात धरला.

“राहू दे. माझ्याबरोबर शिकत शिकत येईल तोही वर.”