गेटाकडचा गोल

दोष डेकाटे सरांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी "पण माणूस चांगला होता" सुरू करायला नको. बावीस वर्षं ते आमच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर होते आणि क्लब शहरातलं, सदर भागातलं मैदान सोडून लांब बुटीबोरीला गेला तो त्यांच्याच हट्टापायी. त्या एका सीझनचे किस्से इतके साचलेत की आम्ही दोस्त बसलो की चहा थंड होतो, किस्से संपत नाहीत.

सर म्हणाले होते, तिकडची हवा मोकळी आहे. बुटीबोरीची, कारखान्यांच्या चिमण्यांची हवा! कमिटीतल्या काका लोकांनी माना डोलावल्या. हाफटाइमच्या समोशापुरतं फुटबॉल कळणारी माणसं ती. मी इंजिनीअरिंग सोडलं तेव्हा हेच काका घरी येऊन टिकून राहण्याचं महत्त्व सांगून गेले होते. आता सीझन संपला की सरांना ठेवायचं का, हेही तेच ठरवणार होते. आम्हाला, म्हणजे प्रेक्षकांतल्या पोरांना, सर जायला हवे होते.

*

सरांचा एक नियम होता. टॉस जिंकला की पहिल्या हाफला गेटाकडचा गोल घ्यायचा. सदरला गेट पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळचं ऊन आमच्या कीपरच्या पाठीशी. बुटीबोरीला गेट पूर्वेला. सरांनी तिथंही गेटाकडचाच गोल घेतला.

कीपर कपाळावर हात धरून उभा, बसस्टँडवर पाहुण्याची वाट बघावी तसा. तीन गोल खाल्ले. आमचा ढोलवाला बंटी सरांना समजवायला गेला.

"तू ढोल वाजव," सर म्हणाले. "नियम बदलला का टीम बिघडते."

*

पुढच्या रविवारी आम्ही चाळीस जण फुटपाथवरचे काळे गॉगल घालून बसलो. हा निषेध होता. एक गॉगल बंटीनं सरांना नेऊन दिला. सरांना तो सत्कार वाटला. थँक्यू म्हणाले आणि पूर्ण मॅच घालून बसले. डोळ्यांत ऊन न गेलेला आमच्या टीमचा तो एकच माणूस.

*

मग ठरलं, पहिली दहा मिनिटं मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. पाच मॅचमध्ये आमचा एकही गोल झाला नव्हता. त्या दहा मिनिटांत दोन झाले.

मागे नुसता गलका. वळायचं कोणी नाही, शब्द दिलेला. शेवटी बंटीनं समोरच्या समोसेवाल्याला विचारलं, "कोणी मारला बे?" त्या बिचाऱ्यानं कढई सोडून दोन्ही गोल आम्हाला करून दाखवले. दुसरा त्यानं खऱ्यापेक्षा भारी मारला, असं नंतर कळलं.

*

शेवटची मॅच. संपल्यावर कमिटी बसणार होती, आणि सरांना ठेवायला काकांचा 'हो' ठरलेला होता. त्या दिवशी डेकाटे काकू पहिल्यांदाच बुटीबोरीला आल्या, डबा घेऊन, आणि नेमक्या आमच्यातच बसल्या.

आम्ही एका गोलनं पुढे होतो, तरी "डेकाटे सर, घरी जा" चालूच होतं. काकूंना पाहून बंटीचा ढोल थांबला.

"काहून थांबला गा?" काकू म्हणाल्या. "वाजव."

मग स्वतःच उभ्या राहिल्या.

"अहो, चला घरी! मी बावीस वर्षांपासून म्हणून राहिली. आता तर हे पोरंही म्हणून राहिले!"

सर बेंचवरून उठले. वर आले, काकूंच्या हातातला डबा घेतला, आणि मॅच चालू असतानाच दोघं स्कूटरवर बसून निघून गेले.

आम्ही जिंकलो. कमिटी सरांची वाट बघत बसली. सर आले नाहीत. बावीस वर्षांचं मॅनेजरपद गेलं.