पाहुण्यांची चूल

"नदीले हद्द नही भाऊ, मनी रेतीले शे."

असं बेबाबाई एकदा म्हणाली होती, आणि म्हणाली ती सख्ख्या दिराला. झिपरू तेव्हा बायकोला भडगावच्या दवाखान्यात बाळंत करून थेट नदीवर आला होता. पाहतो तो, जिथे तो दरवर्षी डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावायचा त्या रेतीवर वहिनीची चूल पेटलेली. तिने मान वर केली, एवढं एक वाक्य बोलली आणि तव्यावरची भाकर उलटली.

तिने नियम मोडला असं कुणाला म्हणता आलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. गावाच्या खालच्या अंगाला गिरणेच्या दोन धारांमध्ये रेतीचं एक बेट पडतं. पावसाळ्यात ते नसतंच. पाणी उतरलं की वर येतं, दरवर्षी वेगळ्या आकाराचं, जणू नदीला मागच्या वर्षीचं काही मान्यच नसतं. त्याचा सातबारा नाही. भोयांच्या दहा-बारा घरांनी आपसात ठरवलेलं एवढंच, की उघड्या रेतीवर ज्या घराने आधी तीन दगड मांडून भाकर भाजली, ती रेती त्या घराची, पुढचा पूर येईपर्यंत. मात्र भाकर त्याच घरच्या पिठाची हवी. दुसऱ्याच्या पिठावर पेटलेली चूल धरत नाहीत, नाहीतर एकच हिकमती माणूस सगळ्या बेटावर दगड मांडत सुटेल.

त्या रेतीत खड्डे खोदायचे, शेणखत भरायचं, डांगर-टरबूज लावायचं आणि उन्हाळ्यात विकायचं. ज्याला रेती मिळाली नाही, त्याने दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायचं. नवरा लोटन मेला त्या वर्षी बेबाबाई गेली होती. संध्याकाळी शेतमालकाने सगळ्या बायांसमोर तिचा पदर झाडून घेतला. चोरलेला कापूस काही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा झाडायला लावला. पुन्हा कुणाच्या शेतात जायचं नाही, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं, आणि त्यानंतर तिने नदीत कुणाची गय केली नाही. बाजारात गिऱ्हाइकाने डांगर हुंगलं तरी ती म्हणायची, "नाक घर ठेईसन ये."

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर जळगावचे देवचंद सर आले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, अंगात खादीचा झब्बा, गळ्यात दुर्बीण. कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटाविषयी त्यांनी मासिकात वाचलं होतं. तिथे पाहुणे गवताच्या झोपडीत राहतात, पाणी मोजून वापरतात, आपला कचरा परत घेऊन जातात. सुट्टी माणसाची होते आणि बेटाला तिचा त्रास होत नाही. सरांना तसंच गिरणेत करायचं होतं.

"साबण नाही, प्लॅस्टिक नाही, रेडिओ नाही," ते काठावर उभं राहून सांगत होते. "कुणी येऊन गेलं हे नदीला कळणारसुद्धा नाही."

"मंग त्या घरच का नही ऱ्हातस?" बेबाबाई म्हणाली.

सर मनापासून हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

पाहुणे बैलगाड्यांतून आले. बँकेतले काही जण, एक नाशिकचं जोडपं, दोन डॉक्टरीणबाया. बेट नुकतंच वर आलं होतं आणि रेती अजून पायाखाली थुलथुलत होती, म्हणून भोयांपैकी कुणी उतरलं नव्हतं. पाहुण्यांनी सगळ्यात उंच, कोरडी जागा बघून झोपड्या उभ्या केल्या आणि दुपारभर तीन विटांपुढे फुंकर मारत बसले. डोळे लाल झाले, जाळ काही होईना.

बेबाबाई काठावरून बघत होती. यंदाची सगळ्यात चांगली जागा हीच, हे तिला दिसत होतं. पाहुणे चार दिवसांचे, ते काही डांगर लावणार नव्हते. चूल मात्र तिच्या हातची होऊ शकत होती. ती गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली, विटा लाथेने उडवल्या, नदीतले तीन दगड आणून मांडले.

"इतलं शिकनात," ती डॉक्टरीणबाईला म्हणाली, "आनि धूर काढाले शिकनात."

काडी ओढताच जाळ झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. घरून पीठ आणावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण घरी डबा तळाला गेलेला, आणि समोर परातीत पाहुण्यांचं ज्वारीचं पीठ ढिगाने पडलेलं. लोकांच्या पिठावर आपली चूल होत असेल तर आपलं पीठ का नासवायचं? हे लोक गेल्यावर सांगणार कोण? तिने त्याच पिठाच्या भाकरी थापल्या आणि पहिली स्वतः खाल्ली.

पाहुणे गेले. कचरा त्यांनी खरोखरच परत नेला. इतर घरांनी उरलेल्या रेतीवर आपापल्या चुली मांडल्या, झिपरूने खालच्या टोकाला. बेबाबाईने झोपड्यांच्या मधोमध खड्डे खोदले, डोक्यावरून खत वाहिलं. आणि पंधरवड्याने देवचंद सर पाहुण्यांच्या दुसऱ्या तुकडीची तयारी बघायला आले तेव्हा हे खड्डे बघून हबकले. होळीपर्यंत त्यांना ती जागा हवी होती, पक्ष्यांसाठी आणि माणसांसाठी. ते गावात विचारत गेले आणि झिपरूने त्यांना आपल्या ओसरीत बसवून बाकीच्या घरांना बोलावणं धाडलं.

झिपरूची रेती घेतली तेव्हापासून, कित्येक वर्षांनी, बेबाबाई त्या घराची पायरी चढली.

"वहिनी, चूल कोनी मांडी?" झिपरूने विचारलं.

"मी. जाळ बी मीच करा. बठ्ठा गावनी देखा."

"आनि पीठ?"

त्याने उत्तराची वाट बघितली नाही. तो वळला. "सर, त्या दिवशी भाकरी कुणाच्या पिठाच्या झाल्या?"

सर खुलले. "आमच्याच. गावावर भार टाकायचा नाही हे आमचं तत्त्व आहे. मीठसुद्धा आम्ही जळगावहून आणतो."

भोयांतला सगळ्यात म्हातारा पुना आबा खाकरला. "मंग रेती पाहुनासनी."

सरांना नियम समजावून सांगावा लागला. तो कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले. "किती सुंदर आहे हे! नाही कागद, नाही कोर्ट!" मग त्यांनी लगेच वाटणीही करून टाकली. खड्डे बुजवायचे, रेतीला विश्रांती द्यायची. राखणदार म्हणून झिपरूभाऊ. "आणि बेबाबाईंना आम्ही सोडणार नाही. त्यांनी पाहुण्यांच्या भाकरी करायच्या, संध्याकाळी नदीच्या गोष्टी सांगायच्या. बेबाबाई म्हणजे या बेटाचा आत्मा."

"कर वं अक्का," दारातून झिपरूची बायको पुष्पाबाई म्हणाली. "पीठ त्यासनंच राही. तुले सवय शे."

कुणीतरी फसकन हसलं. बेबाबाईने सरांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरी माया होती. शिवी असती तर तिच्यापाशी उत्तर होतं.

झिपरू मात्र हसला नव्हता. तो पुढे सरकला, आवाज खाली आणला. "वहिनी, एक डाव म्हन, मनं चुकनं. मनी रेतीमधून तुले वाटा देस. कापूस येचाले जावानं काम नही."

पुना आबाने विडी हातातच धरून ठेवली.

बेबाबाई उठली. तिने पदर कमरेला खोचला. पुष्पाबाई दारातच उभी होती, ती एका अंगाला सरकेपर्यंत बेबाबाई तिच्यासमोर उभी राहिली. मग पायरी उतरली आणि नदीकडे पाठ करून कापसाच्या शेतांच्या वाटेला लागली.